अदोनिस : हाकेचे झालेले नाव

ग्रीकांचा झ्यूस आणि ऋग्वेदातील द्यौष्पिता यांच्या नावांचे मूळ एकच, म्हणजे इंडो-युरोपीय आहे, याबद्दल भाषाशास्त्रात आता वाद उरलेला नाही. मात्र ग्रीक देवमंडळातील काही नावांचा माग काढत गेल्यास तो भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याशी, हिब्रू, फिनिशियन, अरबी या भाषांच्या सेमिटिक कुळाशी जाऊन पोहोचतो.

त्यांत सर्वांत भक्कम पुरावा अदोनिस या अकाली मरण पावणाऱ्या तरुण देवाच्या नावाचा आहे. फिनिशियन भाषेत ‘अदोन’ म्हणजे स्वामी आणि ‘अदोनी’ म्हणजे माझा स्वामी. ग्रीकांनी त्याला आपल्या पुल्लिंगी नामांचा ‘स्’ जोडला. कोकणातील बेने इस्राएल समाजाच्या हिब्रू प्रार्थनेत ऐकू येणारे ‘अदोनाय’ हे संबोधन याच शब्दाचे रूप आहे. म्हणजे मुळात हे देवाचे नाव नव्हतेच, ती त्याला मारलेली हाक होती. अकाली मरण पावणाऱ्या तरुण देवासाठी स्त्रियांनी शोक करण्याची प्रथा पश्चिम आशियात फार जुनी आहे; जेरुसलेमच्या मंदिराच्या दाराशी तम्मूझसाठी रडणाऱ्या स्त्रियांचा उल्लेख बायबलमधील यहेज्केलच्या ग्रंथात येतो. इ.स.पू. ६००च्या सुमारास लेस्बोस बेटावरील कवयित्री सॅफो हिच्या काव्यात हाच शोक अदोनिससाठी केलेला आढळतो. पुढे अथेन्समधील स्त्रिया फुटक्या मडक्यांत लेट्यूस आणि बडीशेप पेरून ती घराच्या छपरावर ठेवत आणि ते कोवळे अंकुर सुकले की विलाप करत. शब्द, अर्थ आणि विधी असे तिन्ही येथे जुळतात, म्हणूनच ही व्युत्पत्ती मला निःशंकपणे स्वीकारावीशी वाटते.

सॅमोथ्रेस व लेम्नोस बेटांशी जोडलेल्या ‘काबेइरोई’ या देवांबाबत इतकी खात्री देता येत नाही. त्यांना ‘थोर देव’ असेही म्हणत, आणि सेमिटिक ‘क-ब-र’ या धातूचा अर्थही मोठा, थोर असाच आहे. संत कबीरांच्या नावातील अरबी शब्द त्याच धातूचा. साम्य मोहात पाडणारे आहे, पण या नावाचे मूळ ग्रीकपूर्व किंवा अनातोलियातील (आजच्या तुर्कस्तानातील) भाषांत शोधणारे अभ्यासकही आहेत.

अ‍ॅफ्रोडाइटीचा प्रश्न याहून अवघड आहे. ग्रीकांच्या या प्रेमदेवतेचे सर्वांत जुने मंदिर सीरियातील अस्कलोन येथे असून सायप्रसमधील मंदिर तेथूनच आले, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो, आणि फिनिशियन देवी अश्तार्तशी तिचे नाते स्पष्ट दिसते. परंतु ‘अश्तार्त’चे ‘अ‍ॅफ्रोडाइटी’ होण्यासाठी ‘श्त’चा ‘फ्र’ व्हावा लागतो, आणि असा बदल घडवणारा कोणताही ध्वनिनियम या दोन भाषांच्या व्यवहारात सापडत नाही.