माग थांबले ती रात्र

सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या माणसाला शांतता ऐकू येते. साखर पेठेत आमच्या वाड्याच्या भिंतीपलीकडे यंत्रमागांचा कारखाना होता. दिवसपाळी असो की रातपाळी, धोट्याची खटखट चालूच. पाहुणे आले की सकाळी लाल डोळ्यांनी विचारायचे, "तुम्ही झोपता तरी कसे हो इथं?" आम्हाला तो प्रश्नच कळायचा नाही. उलट मध्यरात्री वीज गेली आणि माग थांबले, की सगळा वाडा जागा व्हायचा. पाळण्यातलं पोरसुद्धा.

१९९३ सालची गोष्ट. झी टीव्ही येऊन वर्ष होत आलं होतं आणि त्यावर रामसे बंधूंचा 'झी हॉरर शो' सुरू झाला होता. केबल वाड्यात एकाच घरी होती, शेजारच्या अक्कांकडे. मी आठ वर्षांची, दादा बाराचा. आम्ही दोघं एकाच चादरीत बसायचो आणि ऐन वेळी ती डोक्यावरून ओढून घ्यायचो. अक्का मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसायच्या. कापलेलं पान, चिमूटभर तंबाखू, बोटांचा एक वळसा, टोकाला दोरा. की पुढचं पान. मजुरी हजार बिड्यांवर, त्यामुळे डोळे टीव्हीवर असले तरी हात थांबायचे नाहीत.

एका रात्री भाग अगदी टोकाला आला आणि वीज गेली. टीव्हीचा पडदा आकसत एका ठिपक्याएवढा झाला, तो ठिपकाही विझला, आणि भिंतीपलीकडचे सगळे माग एकदम थांबले. त्या काळोखातली शांतता मला अजून अंगावर जाणवते. पुढची दोन-तीन वर्षं मी रात्री एकटी अंगणात गेले नाही. अंगणात विहीर होती आणि मालिकेतली पांढऱ्या साडीतली बाई विहिरीतूनच वर आली होती.

गेल्या उन्हाळ्यात ते जुने भाग मोबाइलवर सापडले. जुळे सोलापुरातल्या घरात, भर दुपारी, सात वर्षांच्या लेकीला शेजारी बसवून मी ते पाहायला घेतले. भुताच्या मानेपाशी मुखवट्याची कड स्पष्ट दिसत होती. धुकं यंत्रातलं होतं हे आज कुणालाही कळेल. तरीसुद्धा शीर्षकसंगीत सुरू झालं त्या क्षणी माझ्या दोन्ही हातांवर काटा आला. बाहेर बेचाळीस अंशांचं ऊन होतं.

ज्या गोष्टीत भीतीदायक काही उरलं नाही हे डोळ्यांना दिसतंय, तिला शरीर का घाबरतं? पोटापाण्यासाठी मी विज्ञान शिकवते, म्हणून हा प्रश्न मला सोडून देता येईना.

कानशिलांच्या आत, मेंदूच्या दोन्ही बाजूंना, बदामाच्या आकाराचा एक छोटा पेशीसमूह असतो. त्याचं नाव अमिग्डला, आणि मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही बदामच. आवाज कानातून मेंदूत शिरला की थॅलॅमस नावाच्या केंद्रात येतो. तिथून त्याला दोन वाटा आहेत, हे जोसेफ लदू या अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञाने उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. एक वाट थेट अमिग्डलाकडे जाते. ती आखूड आहे, पण तिच्यावरून येणारी खबर अर्धवट असते. दुसरी मेंदूच्या बाह्यकातून, म्हणजे बाहेरच्या थरातून, फिरून येते. तिथे आवाजाची नीट छाननी होते, हा कसला, कुठला, आत्ताचा की जुना. ही छाननी पुरी व्हायच्या आत पहिल्या वाटेने निरोप पोचलेला असतो. त्वचेखालच्या केसाकेसाला एक इवलासा स्नायू असतो, तो आक्रसतो, केस उभा राहतो. आपण याला काटा येणं म्हणतो. "अगं, हा तर मोबाइल आहे" हे त्यानंतर कळतं.

अमिग्डला नसेल तर काय होतं, याचं एक उदाहरण नोंदलेलं आहे. एस. एम. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका अमेरिकन बाईंचे दोन्ही अमिग्डला एका दुर्मीळ आजाराने निकामी झाले आहेत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी त्यांना भयपटांतले प्रसंग दाखवले, सापांच्या दुकानात नेलं, भुताटकीचा देखावा उभारलेल्या एका जुन्या इस्पितळातही नेलं. तिथे अंगावर धावून आलेल्या एका 'राक्षसा'च्या डोक्याला त्यांनी कुतूहलाने बोट लावून पाहिलं आणि दचकला तो राक्षसच. दोन वर्षांनी मात्र याच बाईंना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा एकदाच हुंगायला दिली, आणि त्यांना भीतीचा जोरदार झटका आला. म्हणजे बाहेरून येणाऱ्या धोक्याची भीती आणि आतून गुदमरण्याची भीती मेंदूत एकाच जागी राहत नाहीत. मला ही माहिती फार मोलाची वाटते. 'भित्रा' आणि 'धीट' अशी माणसांची सरसकट वाटणी आपण करतो, तिला मेंदूत काही आधार दिसत नाही.

पण मी तीस वर्षांत मोठी झाले, ती भीती गेली कशी नाही? याचं उत्तर पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाच्या कुत्र्यांपाशी आहे. खाण्याची खूण म्हणून शिकवलेला आवाज पुन्हा पुन्हा ऐकवायचा, पण खायला द्यायचं नाही, असं केलं की कुत्र्याची लाळ गळायची थांबते. शिकलेलं पुसलं गेलं असं वाटतं. मात्र काही वेळ मध्ये जाऊ दिला आणि तोच आवाज पुन्हा ऐकवला, तर लाळ परत येते. भीतीचंही तसंच. 'हे धोक्याचं नाही' हा नवा धडा जुन्या धड्यावर अंथरला जातो, खालचा धडा जागेवरच राहतो. खालच्या धड्याला आवर घालायला मेंदूचा कपाळामागचा भाग मदत करतो, आणि तो पुरता पिकायला वयाची पंचविशी उजाडते. आठ वर्षांच्या पोरीला "त्यात काय घाबरायचं" म्हणणं म्हणजे तिच्याकडे अजून न आलेलं हत्यार तिने वापरावं असा हट्ट धरणं आहे.

जोअॅन कँटर या संशोधिकेने मुलं आणि पडद्यावरची भीती यांवर अनेक वर्षं काम केलं. क्रिस्टन हॅरिसन यांच्याबरोबर तिने १९९९ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. लहानपणी किंवा किशोरवयात पडद्यावरचं काहीतरी पाहून आपण फार घाबरलो होतो, असं सुमारे ९० टक्के विद्यार्थ्यांनी सांगितलं, आणि साधारण चौथाई जणांत त्या भीतीचा अंश अजून शिल्लक होता. कँटरचं आणखी एक निरीक्षण मला आमच्या चादरीपाशी घेऊन गेलं. अगदी लहान मुलांना समजावून सांगून फारसा उपयोग होत नाही. कुशीत घेणं, हातात काहीतरी घट्ट धरायला देणं, डोळे झाकू देणं यांनी ती शांत होतात. थोडी मोठी मुलं समजावण्याने सावरतात. डोळे झाकण्याने मात्र त्यांची भीती वाढू शकते, कारण दिसलं नाही तरी ऐकू येतंच, हे त्यांना कळतं. एका चादरीत आम्ही दोघं होतो. माझ्यासाठी ती आडोसा होती. दादा मात्र तिच्या कडेखालून सारखा बाहेर बघायचा. तेव्हा मला तो शूर वाटायचा.

आता विहिरीबद्दल. ज्या भागाने मला इतकी वर्षं छळलं तो मी दोनदा पाहिला. त्यात विहीर नाही. पांढऱ्या साडीतली बाई नाही. मी पुढचे-मागचे भाग धुंडाळले, तिथेही नाही. शेवटी पुण्याला दादाला फोन लावला.

"विहीर?" तो म्हणाला. "अगं, विहीर आपल्या वाड्यातली. टीव्हीत कुठली विहीर?"

"मग बाई?"

"ती कोण ते मला माहीत नाही. मला तर खिडकी आठवते."

खिडकीही नव्हती.

फ्रेडरिक बार्टलेट हा केंब्रिजचा मानसशास्त्रज्ञ. १९३२ च्या आपल्या पुस्तकात त्याने एक प्रयोग नोंदवला आहे. त्याने इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली, 'भुतांचं युद्ध'. मग काही मिनिटांनी, काही आठवड्यांनी, काहींना वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावली. प्रत्येक वेळी गोष्ट आखूड होत गेली आणि सांगणाऱ्याच्या ओळखीची होत गेली. तिथली विशिष्ट होडी नुसती 'बोट' झाली. भुतांचा जो भाग त्यांना समजत नव्हता, तो गळून गेला किंवा त्याला काहीतरी पटण्याजोगं कारण चिकटलं. खोटं कुणीच बोलत नव्हतं. आठवण ही पेटीतून काढलेली वस्तू नसते, ती दर वेळी नव्याने विणली जाते, आणि धागे कमी पडले की घरातलेच लावले जातात. माझ्या मेंदूने अंगणातली विहीर लावली. बाई बहुधा आज्जीच्या गोष्टींतली असावी. वाड्यातल्या सगळ्या बायकांच्या गोष्टींत एक तरी पांढऱ्या साडीतली असायचीच.

यापुढचं पाऊल २००० साली पडलं. करीम नादेर, ग्लेन शाफे आणि लदू यांनी आवाजाला घाबरायला शिकलेल्या उंदरांना तो आवाज पुन्हा ऐकवला आणि लगेच त्यांच्या अमिग्डलात प्रथिनं बनणं रोखणारं औषध सोडलं. नंतर तपासलं तर ती भीती पार ओसरलेली. तो आवाज पुन्हा न ऐकवता तेच औषध दिलं, तर भीती जशीच्या तशी. याचा अर्थ असा की पक्की झालेली आठवण जागवली की काही काळ ती पुन्हा मऊ होते, आणि तिला नव्याने घट्ट व्हावं लागतं. माणसांत हे इतक्या सहज घडवता येत नाही, त्यावर अजून पुष्कळ काम चालू आहे. पण मी रात्रीच्या अंधारात जितक्या वेळा तो प्रसंग आठवला, तितक्या वेळा तो मऊ होऊन पुन्हा घट्ट झाला असणार, दर वेळी विहिरीचा काठ थोडा अधिक स्पष्ट करत.

मग त्या रात्री खरोखर घडलेलं काय उरलं? दादाला आणि मला दोघांनाही सारखीच आठवणारी गोष्ट एकच निघाली: माग थांबले होते.

येवगेनी सोकोलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने याचं कारण सांगितलं आहे. तोच आवाज सतत येत राहिला की मेंदू त्याची एक प्रतिमा बनवतो आणि मग त्याची दखल घेणं सोडतो. मेंदू जागा होतो तो प्रतिमेशी न जुळणारं काही आलं की. आणि न जुळणारं म्हणजे नवा आवाजच हवा असं नाही. ठरलेल्या वेळी अपेक्षित आवाज आला नाही, तरीही शरीर तसंच चमकतं. आमच्या वाड्यातल्या प्रत्येकाच्या मेंदूत धोट्याची प्रतिमा होती. भूत पडद्यावर होतं तोवर पलीकडे खटखट चालू होती, जग जागेवर होतं. ती थांबली तेव्हा आमच्यातलं सगळ्यात जुनं भान जागं झालं. समोर, अंधारात विझलेल्या पडद्यावर, त्याला भूत तयार मिळालं.

आणखी एक गोष्ट मला लेकीने दाखवली. मुखवटा पाहून ती हसली होती, कडक भाकरीचा तुकडा मोडत निवांत बसली होती. संगीत वाजलं तेव्हा मात्र ती पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघायला लागली आणि तिचं चावणं थांबलं. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वर्षभराच्या बाळांना काचेवर रांगायला सोडलं होतं. काचेखाली खोल भाग आहे असा भास व्हायचा. पलीकडे आई उभी. आईचा चेहरा हसरा असताना १९ पैकी १४ बाळं काच ओलांडून गेली. चेहरा घाबरलेला असताना १७ पैकी एकही गेलं नाही. काच तीच होती.

लेकीने विचारलं, "आई, तू थांबलीस का?"

तेव्हा मला अक्कांचे हात आठवले. त्या भागात, वीज जायच्या आधी थोडा वेळ, ते थांबले होते. पान अर्धं वळलेलं, दोरा बोटांत तसाच. मी चादरीतून पडद्याकडे नव्हे, त्या हातांकडे पाहत होते. कधीही न थांबणारे ते हात थांबलेले मी पहिल्यांदाच पाहिले होते. हेही मी आज नव्याने विणलेलं असेल, मला कबूल आहे. पण दादाला पुन्हा फोन केला तेव्हा मी काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, "वीज आली तेव्हा अक्का सुपातली पानं शोधत होत्या बघ. सगळी खाली सांडली होती."

लेकीला मी जवळ घेतलं, भाकरीचा तुकडा तिच्या हातात दिला आणि उरलेला भाग सुरूच ठेवला. ती माझ्या मांडीवर रेलून चावत राहिली.