पाठ टेकलेला पैलवान : अंतोनिओ इनोकीची पार्श्वभूमी

‘फ्री स्टाईल’ हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत तीन जागी भेटतो: ऑलिम्पिकच्या बातमीत, गावातल्या दोन गटांच्या हाणामारीत आणि दारासिंग–किंग काँगच्या आठवणींत. तिन्हीकडे अर्थ वेगळा. जपानी पैलवान इनोकी तिसऱ्या गोटातला, म्हणजे निकाल आधी ठरवून प्रेक्षकांसाठी रंगवलेल्या लढतींचा. आपल्याकडे अशा लढतीला ‘नुरा कुस्ती’ म्हणतात आणि ती शिवी असते. जपानात ती शिवी नव्हती. पण खरे-खोटे हा प्रश्न ज्या एका जपानी पैलवानाला जन्मभर चिकटून राहिला, तो हाच.

जपानातल्या व्यावसायिक कुस्तीचा पाया घातला रिकिदोझानने. तो आधी सुमोत होता. १९५४ साली धिप्पाड अमेरिकी पैलवानांना तो लोळवू लागला आणि रस्त्यावरच्या टीव्हीसमोर गर्दी उसळली. १९५५ मध्ये तो ज्या किंग काँगशी टोकियोत भिडला, तो आपल्या दारासिंगवाला किंग काँगच. रिकिदोझानचा जन्म कोरियातला. ही गोष्ट तो हयात असेपर्यंत जपानी प्रेक्षकांपासून दडवून ठेवली गेली. पुढे तिला महत्त्व आहे, म्हणून इथे नोंदवली.

इनोकी (मूळ नाव कांजी; ‘अंतोनिओ’ हे रिंगणातले नाव) १९४३ साली योकोहामात जन्मला. घरची परिस्थिती खालावली तेव्हा चौदाव्या वर्षी कुटुंबासोबत बोटीने ब्राझीलला गेला. आजोबा वाटेतच वारले. तिकडे कॉफीच्या मळ्यात मजुरी आणि जोडीला गोळाफेक, थाळीफेक. १९६० मध्ये दौऱ्यावर आलेल्या रिकिदोझानची नजर या पोरावर पडली आणि तो त्याला परत जपानला घेऊन आला. ३० सप्टेंबर १९६० रोजी इनोकीची पहिली कुस्ती झाली, ती तो हरला. त्याच दिवशी जायंट बाबाचीही पहिली कुस्ती होती. (बाबा हे त्याचे आडनाव; आपल्याकडच्या बाबा-बुवांशी संबंध नाही.) बाबा जिंकला. पुढची चाळीसेक वर्षे या दोघांची तुलना थांबली नाही.

१९६३ च्या डिसेंबरात एका नाइटक्लबमध्ये रिकिदोझानला चाकू लागला आणि आठवड्याभरात तो गेला. नंतरची मधली वर्षे अमेरिकेची वारी, एक फसलेली संघटना आणि बाबाबरोबरची जोडी यांत गेली. १९७१ च्या अखेरीस रिकिदोझानच्या जुन्या संघटनेने इनोकीला काढून टाकले. कारभार सुधारायला निघाला होता की बळकवायला, यावर दोन्ही बाजू आपापले सांगतात. १९७२ च्या मार्चमध्ये त्याने काढलेल्या ‘न्यू जपान’ या संघटनेचा पहिला कार्यक्रम झाला. मुख्य लढतीत इनोकी कार्ल गॉचकडून हरला. आपल्याच फडाच्या उद्घाटनाला मालक हरतो, हे जाणूनबुजून होते: इथे नाव चालत नाही, कस चालतो, असा संदेश. त्याच वर्षी बाबानेही ‘ऑल जपान’ काढले. बाबाकडे अमेरिकेचे नामवंत पैलवान गेले आणि इनोकीकडे उरला एकच दावा, की आमची कुस्ती सर्वांत खरी.

हा दावा सिद्ध करायचा तर कुस्तीच्या बाहेरचा कोणीतरी हरवायला हवा. म्युनिक ऑलिम्पिकमध्ये दोन सुवर्णपदके मिळवलेला डच ज्युदोपटू रुस्का फेब्रुवारी १९७६ मध्ये हरवून झाला. मग आला मुहम्मद अली.

२६ जून १९७६, टोकियोचे बुदोकान, तीन-तीन मिनिटांच्या १५ फेऱ्या. घंटा झाली आणि इनोकी धावत जाऊन जमिनीवर घसरला. तिथून तो जवळपास शेवटपर्यंत पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला. अली भोवती फिरत ‘ऊठ’ म्हणून डिवचत होता. अलीचे ठोसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, इनोकीच्या लाथा शंभरच्या आसपास. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, कचरा फेकला, पैसे परत मागितले.

कोल्हापूरच्या खासबाग मैदानातला माणूस तिथे असता, तर पहिल्याच मिनिटाला उठून घरी गेला असता. पाठ टेकली, कुस्ती संपली! पण पाठ टेकणे म्हणजे हार हा नियम तेव्हाच लागू होतो, जेव्हा समोरचा अंगावर येऊन दाबतो. बॉक्सर जमिनीवर आलाच नाही, तर चितपट करणार कोण? १९१० साली लंडनमध्ये याच्या उलट प्रकार घडला होता. थोरल्या गामासमोर पोलिश पैलवान झ्बिस्को अडीच तासांहून अधिक वेळ मॅटला चिकटून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. मात्र झ्बिस्को लपत होता आणि इनोकी मारत होता. हा फरक त्या रात्री कोणी धरला नाही.

इनोकी पडून का राहिला, याचे उत्तर नियमांत शोधले जाते. सर्रास सांगितले जाते ते असे: अलीच्या गोटाने ऐन वेळी अटी घातल्या. उचलून आपटायचे नाही, पट काढायचा नाही, एक गुडघा जमिनीवर असल्याशिवाय लाथ मारायची नाही. आणि या अटी जाहीर करायच्या नाहीत. नंतरच्या सांगण्यांत मात्र या अटींचा तपशील जुळत नाही. काही जण म्हणतात, नियम इतके जाचक नव्हते, इनोकीलाच ठोशाची भीती होती. ठरलेल्या निकालाचा बेत मोडला म्हणून लढत खरी झाली, असाही एक पाठ आहे. आधी ठरले काय होते, याबद्दल कोणाचेही सांगणे निर्विवाद नाही. इतके मात्र दिसते, की ठरवून केलेली लढत इतकी कंटाळवाणी कोणी ठेवणार नाही. नुरा कुस्ती रंगते, खरी कुस्तीच रटाळ होते.

निकाल बरोबरी. मधल्या पंचाने ७१–७१ दिले. एका परीक्षकाने ७२–६८ असे इनोकीच्या बाजूने, दुसऱ्याने ७४–७२ असे अलीच्या. अलीला झुकते माप देणारा हा दुसरा परीक्षक जपानी, तोही एके काळचा पैलवान. आणि इनोकीचे नियमभंगासाठी तीन गुण कापले गेले होते. ते तीन परत टाकून पाहा: तिन्ही पत्रकांवर इनोकी पुढे जातो. हे गणित त्याच्या चाहत्यांनी इतक्या वेळा केले आहे की त्यात पक्षपात वाटावा, पण बेरीज चुकत नाही. अलीच्या पायात रक्ताच्या गाठी झाल्या आणि त्याला रुग्णालयात जावे लागले. इनोकीच्या संघटनेवर कर्जाचा डोंगर आला. पुढच्या कित्येक ‘वेगळ्या खेळातल्या’ लढती ते कर्ज फेडण्यासाठी होत्या.

त्यांपैकी एक डिसेंबर १९७६ ची, कराचीतली. समोर अक्रम पैलवान, म्हणजे गामाचा पुतण्या, भोलू बंधूंपैकी. तिसऱ्या फेरीत इनोकीने मनगट-कोपराचा पेच घातला, अक्रमने हार मानली नाही आणि हात गेला. डॉक्टरांनी कुस्ती थांबवली. मैदान गप्प झाले. अलीसोबतच्या लढतीवर शंका घेणारेही या कुस्तीला नुरा म्हणत नाहीत. १९७९ मध्ये लाहोरला त्याच घराण्यातला तरुण झारा उभा ठाकला. पाच फेऱ्या झाल्या, निकाल लागला नाही, तेव्हा इनोकीने स्वतःच झाराचा हात वर केला. पाकिस्तानात तो तेव्हापासून ‘इनोकी पहेलवान’.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात तोकुशिमात त्याने बॉब बॅकलंडला हरवून अमेरिकेचा सर्वांत मानाचा एक पट्टा जिंकला. आठवड्याभराने परतीची लढत झाली. तिच्यात पंजाबातून कॅनडाला गेलेला टायगर जीत सिंग घुसला. गोंधळ झाला, निकाल रद्द झाला आणि इनोकीने पट्टा ठेवून घ्यायला नकार दिला. पट्टा देणारी अमेरिकी कंपनी हा आठवडा आपल्या यादीत धरत नाही. जपानी चाहते धरतात.

रिंगणातली धार कमी होत गेली तसे राजकारण वाढले. १९८९ मध्ये स्वतःच्या ‘क्रीडा आणि शांतता पक्षा’कडून तो जपानी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात निवडून आला. १९९० च्या शेवटी, आखाती युद्धाच्या तोंडावर, तो इराकमध्ये अडकलेल्या जपानी ओलिसांसाठी बगदादला गेला. तिथे क्रीडा आणि संगीताचा महोत्सव भरवला आणि ओलीस सुटले. सुटकेचे श्रेय एकट्याचे नव्हते, पण सरकारी मुत्सद्दी हात चोळत बसले असताना हा माणूस विमानात बसला, हेही खरे.

एप्रिल १९९५ मध्ये प्योंगयांगच्या मे डे स्टेडियममध्ये दोन दिवस कुस्त्या झाल्या. दुसऱ्या दिवशी इनोकीने अमेरिकी पैलवान रिक फ्लेअरला हरवले. पहिल्या दिवशी दीड लाख आणि दुसऱ्या दिवशी एक लाख नव्वद हजार प्रेक्षक, असा दावा केला जातो. तो सगळ्यांना मान्य नाही, आणि आलेल्यांपैकी स्वखुशीने किती आले हा प्रश्न विचारण्याची ती जागा नव्हती. उत्तर कोरियाच का? कारण रिकिदोझानचे गाव आज त्या देशात आहे. गुरूने जे लपवले, ते शिष्याने व्हिसा म्हणून वापरले. पुढे तो तिथे तीसहून अधिक वेळा गेला. २०१३ मध्ये खासदार असताना परवानगीविना गेला, तेव्हा सभागृहाने त्याला ३० दिवस निलंबित केले.

४ एप्रिल १९९८ रोजी टोकियो डोममध्ये शेवटची कुस्ती झाली. सुमारे ७० हजार लोक होते, आणि अलीही. त्यानंतरचा काळ चाहते सहसा टाळतात. खरेपणाचा हट्ट इतका वाढला की इनोकीने आपल्या संघटनेचे चांगले पैलवान मिश्र मार्शल आर्टच्या लढतींत उतरवले. ते हरले आणि त्यांच्याबरोबर संघटनेची पतही घसरली. २००५ मध्ये त्याने आपला हिस्सा विकला. दरम्यान त्याच्या हातची थप्पड खायला चाहते रांगा लावत होते. थप्पड खाऊन वाकून आभार मानत होते.

२०१४ मध्ये झाराच्या किशोरवयीन पुतण्याला तो प्रशिक्षणासाठी जपानला घेऊन गेला. १ ऑक्टोबर २०२२ रोजी इनोकी गेला. शेवटच्या काळात अमायलॉइडोसिसने (अवयवांत प्रथिने साचण्याचा आजार) अंगाची काडी झाली होती, तरी रुग्णालयातल्या खाटेवरून स्वतःची चित्रफीत तो जगाला दाखवत होता.