दोन जीका, एकच सासर: हाजी कोणता आणि पोपेस्कू कोणता?

कोपनहेगन, १७ मे २०००. युएफा कप या युरोपीय फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना, तुर्कस्तानचा गालातासराय विरुद्ध इंग्लंडचा आर्सेनल. नव्वद मिनिटांत गोल नाही. जादा वेळ सुरू होऊन चार मिनिटं होतात न होतात तोच गालातासरायचा दहा नंबरवाला आर्सेनलच्या टोनी अ‍ॅडम्सशी भिडतो, हात उगारतो आणि लाल कार्ड घेऊन बाहेर जातो. उरलेले दहा जण कसंबसं निभावतात. पेनल्टींमध्ये आर्सेनलच्या शुकरचा फटका खांबावर बसतो, विएराचा आडव्या दांड्यावर. मग गालातासरायची चौथी पेनल्टी घ्यायला एक शांत चेहऱ्याचा बचावपटू पुढे येतो, चेंडू जाळ्यात घालतो, आणि तुर्कस्तानच्या एखाद्या क्लबला पहिल्यांदाच युरोपचा चषक मिळतो.

बाहेर गेलेला गेऑर्गे हाजी, चषक आणून देणाराही गेऑर्गेच, पण पोपेस्कू. दोघं रोमानियाचे. दोघांनाही त्यांच्या देशात ‘जीका’ म्हणतात. दोघं बार्सिलोनात खेळलेले, दोघं इस्तंबूलला स्थिरावलेले. त्यात दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, म्हणजे हे एकमेकांचे साडू! घोळ न झाला तरच नवल.

आधी हाजीचं आडनाव सोडवू, कारण आपल्याकडे त्याचीच जास्त फरफट होते. रोमानियन भाषेत ‘इ’ आधी आलेला ‘ग’ हा ‘ज’ होतो. त्यामुळे ‘Hagi’ हे इंग्रजी स्पेलिंग बघून जो उच्चार आपल्या तोंडात येतो, तो चारचौघांत न केलेलाच बरा. खरा उच्चार ‘हाजी’. आणि हा आपल्या ओळखीचाच हाजी. बाल्कन प्रदेशातले ख्रिस्ती लोक जेरुसलेमची यात्रा करून आले की त्यांनाही हीच पदवी लागायची, पुढे तिचं आडनाव झालं. पोपेस्कू मात्र तिकडे आपल्या पाटील-जाधवांइतकं सर्रास आढळतं.

मैदानावर दोघांची गल्लत करायला खरं तर वाव नाही. हाजी बुटका, डावखुरा, चेंडू पायात हवा असणारा. लोक त्याला ‘राजा’ म्हणतात, परदेशी पत्रकार ‘कार्पाथियनचा मॅराडोना’. १९९४ च्या विश्वचषकात कोलंबियाविरुद्धचा त्याचा गोल बघा. डाव्या कडेला, साइडलाइनपासून फार आत नाही, अशा जागी तो चेंडू घेतो. तिथून कुणीही मध्ये क्रॉस देईल. हा एकदा मान वर करतो, गोलरक्षक कोर्दोबा थोडा पुढे आलाय हे हेरतो, आणि डाव्या पायाचा फटका त्याच्या डोक्यावरून पलीकडच्या वरच्या कोपऱ्यात उतरवतो. तो क्रॉसच होता, चुकून आत गेला, असं म्हणणारे अजून भेटतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

पोपेस्कूचा असा एकही गोल लोकांच्या डोळ्यांपुढे नाही. तो बचावफळीत किंवा तिच्या जरा पुढे उभा राहायचा. चेंडू जिथे येणार तिथे आधीच पोचलेला. त्याचं टोपणनाव ‘बाचूल’, म्हणजे मेंढवाड्यावरचा म्होरक्या मेंढपाळ. एक राजा, दुसरा मेंढक्यांचा कारभारी. नावं ठेवणाऱ्याला फुटबॉल कळत होतं.

परदेशची वाट मात्र दोघांना एकदमच मोकळी झाली. डिसेंबर १९८९ मध्ये रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट कोसळली आणि पुढच्याच उन्हाळ्यात हाजी रेआल माद्रिदला गेला, पोपेस्कू हॉलंडच्या पीएसव्हीला. इथून आलेख उलटसुलट होतात. हाजीने माद्रिदला दोन वर्षं काढली, मग इटलीत ब्रेशिया. तिथे पहिल्याच मोसमात संघ खालच्या श्रेणीत घसरला, तरी हा राहिला. म्हणजे ज्या हाजीने १९९४ मध्ये अर्जेंटिनाला घरी पाठवलं, तो त्या वर्षी इटलीच्या दुसऱ्या श्रेणीत खेळत होता! विश्वचषकानंतर लगेच बार्सिलोनाचं बोलावणं आलं, पण तिथेही दोन वर्षांत त्याचं बस्तान बसलं नाही.

पोपेस्कूने पीएसव्हीत प्रशिक्षक बॉबी रॉबसन यांच्या हाताखाली लीग जिंकली. १९९४-९५ चा एक मोसम इंग्लंडच्या टॉटनहॅमला काढला, तिथे आर्सेनलविरुद्ध विजयी गोल केला, आणि १९९५ मध्ये बार्सिलोना गाठलं. प्रशिक्षक क्रायफच्या शेवटच्या त्या मोसमात दोघे साडू एकाच ड्रेसिंग रूममध्ये होते. १९९६ मध्ये हाजी इस्तंबूलला गेला. पोपेस्कू थांबला, रॉबसन प्रशिक्षक म्हणून आले, आणि १९९७ चा युरोपचा कप विनर्स कप बार्सिलोनाने जिंकला तेव्हा कर्णधार पोपेस्कू होता. रोनाल्डो, फिगो, ग्वार्डिओला ज्या संघात, त्याचा कर्णधार! नुसता स्पेनचा हिशेब मांडला तर पारडं पोपेस्कूकडे झुकतं, असं माझं स्पष्ट मत आहे. हाजीच्या चाहत्यांना हे पटत नाही.

इस्तंबूलमध्ये मात्र हाजी ते हाजी. बत्तिशीकडे झुकलेला खेळाडू तिथे गेला आणि सलग चार वेळा लीग जिंकला. पोपेस्कू १९९७ मध्ये मागोमाग आला, म्हणून त्याच्या वाट्याला त्यातल्या तीन. हाजी तिथेच २००१ मध्ये निवृत्त झाला. पोपेस्कू पुढे इटलीचा लेचे, बुखारेस्टचा दिनामो आणि जर्मनीचा हॅनोव्हर असा फिरत राहिला.

आकडे लक्षात ठेवायचे तर देशासाठी हाजीचे ३५ गोल, पोपेस्कूचे १६. सामने दोघांचेही शंभरावर.

एक गोष्ट चुकून हाजीच्या नावावर खपवली जाते. खेळाडूंच्या विक्रीतली करचुकवेगिरी आणि काळ्याचा पांढरा पैसा करणं, या खटल्यात २०१४ मध्ये शिक्षा झाली ती पोपेस्कूला. तेव्हा तो रोमानियाच्या फुटबॉल महासंघाच्या अध्यक्षपदाला उभा होता. पुढच्या वर्षी तो तुरुंगातून सुटला.

आणि हो, ग्योर्गे, गेऑर्गे काहीही लिहा, पण रोमानियातल्या क्रायोव्हा शहराच्या क्लबातून स्पेनला गेलेला तिसराही एक जीका आहे. त्याचं आडनावच क्रायोव्हेआनू. पोपेस्कूही क्रायोव्हाच्याच क्लबातून वर आलेला, त्यामुळे इथे जाणकारही अडखळतात.

हाजीने २००९ मध्ये रोमानियातल्या कॉन्स्टान्त्सा शहराजवळ स्वतःचा क्लब काढला, व्हिइतोरुल, म्हणजे ‘भविष्य’. तो २०१७ मध्ये रोमानियाचा विजेता झाला, आणि २०२१ मध्ये शहराच्या जुन्या फारुल क्लबात विलीन झाला. हाजीने आपली कारकीर्द जिथून सुरू केली होती, तोच फारुल. २०२३ मध्ये फारुलने लीग जिंकली तेव्हा संघाजवळ ओरडत उभा होता हाजी, आणि अध्यक्षाच्या खुर्चीत साडू.