डोळ्यांचा ब्रेक

परवा ठाण्याहून फास्ट लोकलने दादरला येत होते, आठ वर्षांची भाची समोर विंडो सीटवर, आणि मी बाहेर बघायचं सोडून तिच्या डोळ्यांकडेच बघत बसले. नाहूर, भांडुप मागे पडत होतं आणि तिची बुबुळं एखाद्या खांबाबरोबर हळूच सरकायची, मग टुणकन उडी मारून परत, पुढचा खांब, परत तेच. तिला याचा पत्ताच नव्हता. मग मी तिच्यासमोर बोट धरलं, म्हटलं, "आता ह्याच्याकडे बघ", आणि डोळे जागच्या जागी थांबले, बोटामागे खिडकीत सगळं पळतंय तरी! एवढ्याशा सूचनेवर मेंदूने कामच बदललं.

त्या उडीला सॅकेड म्हणतात. जागेपणी आपण सेकंदाला साधारण 3 मारतो, कारण डोळ्याला एकदम स्पष्ट दिसणारा भाग फार लहान असतो, हात लांब करून अंगठ्याचं नख बघा, जवळपास तेवढाच.

आता मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट. या उड्या मारायला लावणारं एक केंद्र मेंदूत खोलवर आहे, सुपीरियर कॉलिक्युलस, आणि त्याच्यावर सतत ब्रेक दाबलेला असतो. 1983 साली हिकोसाका आणि वुर्ट्झ यांनी माकडांवरच्या प्रयोगांत दाखवलं की हा ब्रेक लावणाऱ्या पेशी एरवी सारख्या सिग्नल देत असतात आणि डोळा उडी मारणार त्याच्या जरा आधी गप्प होतात. म्हणजे डोळा हलवायचा तर नुसता धक्का देऊन भागत नाही, ब्रेकवरचा पाय काढावा लागतो.

मग खरं कठीण काम कुठलं? न बघणं. 1978 मध्ये हॅलेट यांनी एक साधी टेस्ट केली, ठिपका डावीकडे दिसला की उजवीकडे बघायचं. ठिपक्याकडे बघायला साधारण 200 मिलिसेकंद लागतात, उलट बघायला जास्त, आणि धडधाकट माणसंही चुकतात. 1985 मध्ये मॉन्ट्रियलला अपस्मारासाठी कपाळामागचा मेंदूचा भाग काढलेल्या पेशंट्सना हीच टेस्ट दिली, तर त्यांच्यातल्या काहींना डोळा आवरणं फारच जड गेलं. समजणं वेगळं आणि आवरणं वेगळं.

घरी आल्यावर भाचीला समोर बसवलं, दोन्ही हात लांब धरले, जे बोट हलेल त्याच्या उलट बघायचं. पहिल्या दहात बहुतेक वेळा चुकली आणि लगेच स्वतःच दुरुस्त करायची. म्हणाली, "मावशी मला माहितीय गं, पण डोळेच जातात." बरोबरच आहे तिचं, कपाळामागचा तो भाग अजून घडतोय, ही पकड विशीच्या आसपासपर्यंत सुधारत जाते.

मग नियम मिसळले. आधी हिरवी टिकली दाखवली तर सरळ, लाल दाखवली तर उलट. आता गंमत अशी की लालनंतर लगेच हिरवी आली की सोपं कामसुद्धा ती अडखळत करायला लागली, आणि लॅबमध्येही असंच दिसलंय, उलट बघून झाल्यावर सरळ बघायलाही उशीर होतो कारण मघाचा ब्रेक पुरता सुटलेला नसतो, निदान मला तरी हेच कारण सगळ्यात पटतं.

आता ती रोज संध्याकाळी आजोबांना समोर बसवते, टिकल्यांचं पाकीट मांडीवर, आणि त्यांची नजर चुकली की ओरडते, "आजोबा, ब्रेक!"