तळपायाची आग विझते तेव्हा

तळपायाची आग मस्तकात जाणं हे आपल्याकडे संतापाचं वर्णन. मधुमेह जुना झालेल्या पुष्कळांना ते शब्दशः भोगावं लागतं. रात्री पाठ टेकली की तळपाय पेटतात, मुंग्या चढतात, चादरीचा स्पर्शही नकोसा होतो. मग थंड लादीवर पाय ठेवून बसायचं, नाहीतर काशाच्या वाटीनं तूप घासून घ्यायचं.

याची सुरुवात पायाच्या बोटांपासून होते, कारण तिथवर पोचणारे मज्जातंतू शरीरात सर्वांत लांब. कण्याजवळच्या एका पेशीतून निघालेला केसाहून बारीक धागा जवळजवळ एक मीटर खाली अंगठ्यापर्यंत जातो. त्याचं पोषण आणि डागडुजीचं सामान येतं त्या एकाच पेशीकडून. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की हा पुरवठा बिघडतो, तंतूंना रक्त देणाऱ्या सूक्ष्म वाहिन्याही खराब होतात, आणि पहिली झळ शेवटच्या टोकाला बसते. म्हणून त्रास दोन्ही पायांत मोज्यासारखा वर सरकतो.

दुखावलेला तंतू कारण नसताना संदेश धाडत राहतो. बिघाड तारेतच असल्यानं नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा लागू पडत नाहीत. डॉक्टर प्रीगाबालिन, ड्युलोक्सेटिन किंवा अमिट्रिप्टिलिन देतात. ‘ही तर फिटची नाहीतर डिप्रेशनची गोळी’ असं कोणीतरी सांगतं आणि घरचे ती परस्पर बंद करतात. तसं करू नये. या गोळ्या तंतूंचा गोंगाट कमी करतात. गुण यायला काही आठवडे लागू शकतात. सुरुवातीला गुंगी येते, वयस्कर माणसानं रात्री उठताना जपावं. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी बरीच वर्षं चालू असेल तर रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्यावं, शाकाहाऱ्यांनी तर नक्कीच. त्याच्या कमतरतेनंही अशाच मुंग्या येतात, आणि ती भरून काढता येते.

माझ्या मते खरा धोका आग विझल्यावर सुरू होतो. साखर आटोक्यात आलेली नसतानाही जळजळ हळूहळू कमी होते, माणूस म्हणतो, ‘आता बरं आहे.’ पुष्कळदा तंतूच मेलेले असतात. चप्पल पायातून कधी निसटली ते कळत नाही, कापसावर चालल्यासारखं वाटतं. बेसिनपाशी डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो, कारण पाय कुठे आहेत हे आता डोळेच सांगत असतात.

बधिर पायाचं काय होतं, हे कुष्ठरोगानं आधीच शिकवलं होतं. १९४६ साली वेल्लोरला आलेले ब्रिटिश शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं, की रुग्णांची बोटं आपोआप सडून गळत नाहीत. न जाणवणाऱ्या चटक्यांनी, जखमांनी ती झिजतात. रात्री उंदीर बोटं कुरतडत आणि झोपलेल्याला पत्ता नसे, म्हणून रुग्णांना मांजरं पाळायला दिली गेली! कुष्ठरुग्णांना मिळणारी मऊ रबराची एमसीआर चप्पल आज मधुमेहींनाही सुचवली जाते.

तेव्हा जे पायाला कळत नाही ते डोळ्यांनी आणि हातांनी जाणून घ्यायचं. रोज झोपण्यापूर्वी तळव्याखाली आरसा धरून पाहावं, वाकता येत नसेल तर नातवाला सांगावं. बूट घालण्यापूर्वी झटकावा, आत खडा असू शकतो. पाण्याचा कढतपणा कोपरानं जोखावा. गरम पाण्याची पिशवी नको, भोवरी ब्लेडनं कापणं तर मुळीच नको. घाम आणणारे तंतूही गेल्यानं टाचा कोरड्या पडून भेगाळतात. तेल किंवा मलम लावावं, पण बोटांच्या बेचक्यांत नाही. देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालायचा मोह आवरावा.

तपासणी अगदी साधी असते. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवतात आणि डोळे मिटवून विचारतात, लागतंय का? मिनिटभराचं काम. डॉक्टर विसरले तर आपणच चप्पल काढून पाय पुढे करावा, संकोच करू नये.