कोकणातील जलरंगचित्रण

रंगद्रव्य डिंकात खलून, पाण्याने पातळ करून कागदावर चित्र काढण्याची पद्धत. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग सहसा घेत नाहीत, कागदाचाच पांढरेपणा राखतात. लाटेचा फेस किंवा कौलांवरची उन्हाची तिरीप रंगवायची नसते, सोडायची असते. पोस्टर रंगासारख्या अपारदर्शक माध्यमात ही चिंता नाही.

कोकणात कागदावरची रंगीत चित्रे कलाशाळांनी आणलेली नाहीत. कुडाळजवळच्या पिंगुळीतील ठाकर कलावंत चित्रकथीची सुटी चित्रे एकेक करून पुढे धरतात आणि रामायण-महाभारतातील आख्याने गातात. ठसठशीत रेषा, सपाट रंग, सावली नाही. छायाप्रकाशाने आकार उठवण्याची रीत रुजली ती मुंबईत १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेमुळे. तिथे शिकलेले सावळाराम हळदणकर (१८८२–१९६८) जन्माने सावंतवाडीचे. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील त्यांचे निरांजन घेतलेल्या स्त्रीचे चित्र अनेकांना तैलचित्र वाटते आणि पुष्कळदा राजा रविवर्म्याच्या नावावर खपते. आहे ते जलरंगातले. ज्योतीवर धरलेल्या हाताची बोटे आतून लालसर उजळतात, आणि हा उजेडही मुळात कागदाचाच.

निसर्गचित्रात इथली हवा निम्मे काम करते, नाहीतर निम्मे बिघडवते. पावसाळ्यात एक वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, वाळायची वाट पाहता पाहता चहा गार होतो. घाईने दुसरा हात मारला की माडाची झावळी आभाळात फुटते. खाडीवरचे धुके मात्र अशा ओल्यावर ओल्या कामातच साधते. वैशाखात उलट, ब्रश टेकेपर्यंत रंगाने वाळून कडा धरलेली असते.

खरी कसोटी हिरव्याची. ट्यूबमधला तयार हिरवा भाताच्या खाचराला लावला की प्लास्टिकसारखा दिसतो. म्हणून जाणते चित्रकार पिवळ्यात निळा मिसळून तो घडवतात, वर जांभ्याच्या चिऱ्याला लागणाऱ्या तांबड्याचा थेंब देतात. पूर्वी यासाठी वापरला जाणारा गॅम्बोज हा पिवळा आग्नेय आशियातील एका झाडाच्या चिकातून मिळे. ते झाड आपल्या कोकमाच्याच कुळातले. हल्ली त्या नावाने मिळणारा रंग बहुधा कृत्रिम असतो.

चित्र पुरे झाले तरी ओल पाठ सोडत नाही. दमट भिंतीला टेकवलेल्या फ्रेममध्ये बुरशीचे तपकिरी ठिपके उठतात, आणि तेही नेमके मोकळ्या सोडलेल्या आभाळात.