पॅकेज अद्ययावतीकरण

मुक्तस्रोत प्रोग्रॅमच्या मूळ प्रकल्पाने नवी आवृत्ती काढली, की ती डेबियन, फेडोरा, आर्च लिनक्स अशा वितरणांच्या (लिनक्सवर आधारित तयार प्रणालींच्या) पॅकेजमध्ये, म्हणजे बसवायला तयार असलेल्या गठ्ठ्यात, आणावी लागते. हे काम म्हणजे पॅकेज अद्ययावतीकरण. प्रोग्रॅम लिहिणारे आणि त्याचे पॅकेज सांभाळणारे बहुधा वेगळे असतात, त्यामुळे पॅकेजरला दुसऱ्याने केलेले बदल समजून घ्यावे लागतात.

वरवर पाहता फक्त आकडा बदलतो. डेबियनमधील ‘२.४-१’ या क्रमांकात २.४ ही मूळ आवृत्ती असते आणि १ हा पॅकेजचा स्वतःचा क्रमांक. मूळ आवृत्ती बदलली की तो पुन्हा १ पासून सुरू होतो. नवी आवृत्ती आली का, हे ‘वॉच’ फाइल वाचून ‘युस्कॅन’ हे साधन पाहते आणि टारबॉल, म्हणजे मूळ कोडची एकत्र बांधलेली फाइल, उतरवते. फेडोरात असे बदल पॅकेज कसे बनवायचे ते सांगणाऱ्या स्पेक फाइलमध्ये, तर आर्चमध्ये तशाच पीकेजीबिल्ड फाइलमध्ये करतात.

खरा वेळ जातो पॅचमध्ये, म्हणजे कोडमध्ये केलेल्या छोट्या बदलांमध्ये. वितरणाने मूळ कोडवर चढवलेले पॅच नव्या कोडवर एकेक करून लावून पाहतात. मूळ प्रकल्पाने स्वीकारलेला पॅच काढून टाकायचा. आजूबाजूच्या ओळी बदलल्याने अडणारा नव्याने बसवायचा. अडणारा पॅच निदान लक्षात तरी येतो. जास्त जपायचे ते विनातक्रार लागणाऱ्या पॅचला, कारण भोवतालच्या कोडचा अर्थ बदललेला असला तरी साधनाला तो कळत नाही. प्रोग्रॅम ही लायब्ररी (इतर प्रोग्रॅम वापरतात असा कोड) असेल आणि तिची द्विमान सुसंगतता मोडली असेल, म्हणजे आधी तयार झालेले प्रोग्रॅम नव्या आवृत्तीसोबत चालत नसतील, तर तिच्यावर अवलंबून असलेली पॅकेजेही कोडपासून पुन्हा तयार (बिल्ड) करावी लागतात. डेबियनमध्ये याला ‘ट्रान्झिशन’ म्हणतात.

टारबॉलवरची डिजिटल सही तपासली म्हणजे आतला कोड निर्धोक ठरत नाही, हे एक्सझेड या फाइली आकसवणाऱ्या प्रोग्रॅमच्या प्रकरणात उघड झाले. त्याच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट (बॅकडोर) होती आणि तिला जागे करणारी बिल्डची फाइल कोड उघडपणे ठेवलेल्या गिट भांडारात नव्हती, फक्त टारबॉलमध्ये होती. एसएसएच लॉगिनला (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याला) लागणारा किंचित जास्त वेळ खटकला म्हणून आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरने शोध घेतला आणि २९ मार्च २०२४ रोजी ती जाहीर केली. डेबियनला मागे जावे लागले. पण लहान क्रमांकाकडे प्रणाली आपणहून जात नाही, म्हणून जुनी ५.४.५ ‘५.६.१+रिअली५.४.५’ या नावाने आली. टारबॉल आणि भांडार यांतला फरक पाहणे कंटाळवाणे असते, तरीही ते टाळू नये.

स्थिर वितरणांत बहुधा नवी आवृत्ती घेतच नाहीत. सुरक्षेची दुरुस्ती तेवढी जुन्या कोडवर आणतात. त्यामुळे मूळ आवृत्तीचा जुना आकडा पाहून दोष अजून तसाच आहे असे ठरवता येत नाही. त्यासाठी पॅकेजचा चेंजलॉग, म्हणजे बदलांची नोंद, वाचावा लागतो.